रिमवर्ल्डमधल्या निजायच्या खोल्या: पहिल्या रात्रीच्या शेडपासून गालिच्यापर्यंत

मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेहून भाचा राहायला आला की आमच्या विश्रामबागेतल्या घरी दुपारचा उद्योग ठरलेला असतो. ऊन उतरेपर्यंत पडदे ओढून बसायचं आणि रिमवर्ल्ड या कॉम्प्युटर गेममधली त्याची कॉलनी, म्हणजे परक्या ग्रहावर अडकलेल्या माणसांची वस्ती, पुढे न्यायची. यंदा तो आला तोच तक्रार घेऊन. "मामा, माझा आचारी सारखा बिथरतोय. खायला आहे, अंगावर धड कपडे आहेत, हीटर पण लावलाय. तरी दर आठवड्याला काम टाकून भटकत सुटतो."

मी त्याला आचाऱ्यावर क्लिक करून नीड्सची टॅब, म्हणजे त्याच्या गरजा नि मनःस्थिती दाखवणारं पान, उघडायला लावली. मूडच्या खाली लाल आकड्यांची रांग होती. बॅरॅक्समध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, झोपावं लागल्याची नाराजी, आणि त्याखाली झोपमोड झाल्याची नाराजी एकावर एक साठलेली. कॅमेरा घरावर नेला तेव्हा उलगडा झाला. लांबलचक शेडमध्ये नऊ बेड, आणि कोठारातून स्वयंपाकघरात जायचा एकमेव रस्ता त्याच शेडमधून. पहाटे जो कोणी बटाटे उचलायला जाई तो आचाऱ्याच्या उशाशी पाय वाजवत जाई.

कॉलेजला असताना मी सांगलीतच कॉट बेसिसवर तीन वर्षं काढली आहेत. एका खोलीत सहा कॉट, दोघांची कामाची पाळी रात्रीची, दिवा कधीच पूर्ण बंद नाही. जेवण चांगलं होतं, मित्र चांगले होते, पण महिन्यातून एकदा कुणाचं तरी कुणाशी वाजायचंच. त्यामुळे त्या आचाऱ्याची अडचण मला चटकन कळली. त्याला बक्षीस, दारू, नवी बंदूक असलं काही नको होतं. दार लावून घेता येईल अशी खोली हवी होती.

खाली सगळं क्रमाने देतो. हे मूळ गेमला, म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या रिमवर्ल्डला धरून आहे. विकतचे विस्तार किंवा मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) नसले तरी चालेल.

आधी मूडचा हिशेब

साध्या स्वभावाच्या कॉलनिस्टचा, म्हणजे कॉलनीतल्या माणसाचा, मूड ३५ टक्क्यांच्या खाली गेला की छोट्या बिघाडाची, म्हणजे तो बिथरून ताब्याबाहेर जाण्याची, शक्यता सुरू होते. २० च्या खाली मोठा बिघाड, ५ च्या खाली टोकाचा. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही फुफाट्यात असता, तरी माणसं बऱ्यापैकी शांत असतात. कारण त्यांच्या अपेक्षाच फार कमी असतात आणि त्याबद्दल गेम त्यांना मूडमध्ये तब्बल +३० देतो. कॉलनी श्रीमंत होत जाते तसा हा आधार सहासहाने उतरतो: २४, १८, १२, ६ आणि शेवटी शून्य. बरेच खेळाडू इथेच फसतात. पहिलं वर्ष सुखात जातं, दुसऱ्या वर्षी भिंती पक्क्या होतात, कोठार भरतं, आणि नेमकी तेव्हाच माणसं तुटायला लागतात. बिघडलेलं काहीच नसतं, फक्त खालचा टेकू निघालेला असतो. तो टेकू निघायच्या आत त्याजागी दुसरं काहीतरी उभं करायचं, आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त नि रोज रात्री न चुकता मिळणारं म्हणजे चांगली बेडरूम.

बेडरूमचा दर्जा गेम 'इम्प्रेसिव्हनेस' या आकड्यात मोजतो. २० च्या आत असेल तर खोली भिकार समजली जाते आणि तिथे झोपणाऱ्याला -४ मिळतात. २० ते ४० या पट्ट्यात ना फायदा ना तोटा. ४० ओलांडले की 'डीसेंट', म्हणजे बऱ्यापैकी, होऊन +२. तिथून ५०, ६५, ८५, १२०, १७० आणि २४० या पायऱ्यांवर एकेक गुण वाढत वाढत अगदी वरच्या टोकाला +८. एकाच खोलीत एकापेक्षा जास्त जणांचे वेगवेगळे बेड आले की ती बॅरॅक्स होते, आणि तिची सुरुवातच -७ पासून असते. म्हणजे भिकार बॅरॅक्समधून उचलून साध्या डीसेंट खोलीत नेलं तरी एका माणसाचा मूड नऊ गुणांनी सुधारतो. एवढा फरक इतक्या थोड्या लाकडात दुसरं काहीच देत नाही.

उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बटणांपैकी खोलीची माहिती दाखवणारं बटण चालू करून ठेवा. मग माउस कुठल्याही खोलीवर नेला की तिचा प्रकार, इम्प्रेसिव्हनेस आणि त्यामागचे चार आकडे दिसतात: संपत्ती, जागा, सौंदर्य, स्वच्छता. बांधकाम करताना हे बटण मी कधीच बंद करत नाही.

पहिली रात्र

क्रॅशलँडेड, म्हणजे यान कोसळून होणाऱ्या सुरुवातीच्या प्रकारात तीन माणसं आणि ३०० लाकूड मिळतं. उघड्यावर झोपलं तर -४, जमिनीवर झोपलं तर आणखी -४. म्हणून पहिल्या संध्याकाळच्या आत छप्पर आणि बेड दोन्ही झाले पाहिजेत.

एका बेडला ४५ लाकूड, म्हणजे तिघांचे १३५. आतून ५ बाय ५ ची एक खोली धरा. तिच्या भोवती २४ घरं, म्हणजे नकाशावरचे चौकोन, येतात, त्यातलं एक दाराचं. दाराला २५ आणि २३ भिंतींना प्रत्येकी ५ प्रमाणे ११५. एकूण २७५. तीनशेत बसतं आणि २५ उरतात. नकाशावर पडक्या भिंती असतील तर त्यांनाच एक-दोन बाजू जोडा, पन्नास-साठ लाकूड सहज वाचतं.

ही बॅरॅक्सच आहे, पण सध्या चालेल. नव्या कॉलनीचा उत्साह आणि कमी अपेक्षा या दोन्हींनी ती नाराजी भरून निघते. तिघांसाठी पहिल्याच दिवशी तीन वेगळ्या खोल्या काढायला बसू नका. तेवढ्या वेळात पेरणी राहून जाते, आणि उपाशी माणसाला वेगळ्या खोलीचं काही वाटत नाही. फक्त ही शेड अशा जागी बांधा की पुढे तिचं कोठार किंवा कैदखाना करता येईल.

चाळीचा नकाशा

माझं आजोळ साताऱ्याकडचं. जुनं घर. ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, सगळ्या दारांची एकच रेघ. आजोबांची बाज माजघरात असायची आणि पहाटे चुलीकडे जाणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडून जायचा. त्यांना सवय होती. रिमवर्ल्डमधल्या माणसांना ती कधीच होत नाही. झोपलेल्या माणसाजवळून कोणी चालत गेलं की झोपमोड होते, दर वेळी -१, आणि ते साठत जातं. म्हणून पहिला नियम: कोणत्याही बेडरूममधून दुसरीकडे जायचा रस्ता असता कामा नये. खोलीला दार एकच.

त्यासाठी चाळीसारखी रचना सगळ्यात सोयीची. मधे लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या, प्रत्येकीचं दार व्हरांड्यात. व्हरांडा मी दोन घरं रुंद ठेवतो. एका रुंदीतही भागतं, पण दिवे आणि हीटर ठेवायला जागा लागते. चाळीचं एक टोक जेवणघराकडे, दुसरं कामाच्या शेडकडे. कोठार आणि स्वयंपाकघर यांच्या मधे मात्र चाळ घालायची नाही. माझ्या भाच्याने केलेली चूक तीच होती.

शेजारच्या खोल्यांना भिंत सामाईक ठेवा. ५ बाय ५ ची सुटी खोली बांधली तर २३ भिंती, ११५ सामान. अशा चार सुट्या खोल्यांना ४६०. त्याच चार एका ओळीत घेतल्या तर बाहेरून माप २५ बाय ७ होतं, दारं सोडून ७१ भिंती, म्हणजे ३५५. शंभराच्या वर बचत, आणि थंडीत ऊब टिकते ती वेगळी.

सामाईक भिंतीचा एकच धोका, आग. लाकडी चाळीत एका खोलीत ठिणगी पडली की ओळच्या ओळ जाते, आणि आतली हवा इतकी तापते की झोपलेला माणूस भाजून निघतो. म्हणून चाळ दगडाची. त्यासाठी स्टोनकटिंगचं, म्हणजे दगड घडवण्याचं, संशोधन लवकर करून घ्या. एका धोंड्यातून २० चिरे निघतात. ३५५ चिऱ्यांना १८ धोंडे लागले, तेवढे बहुतेक नकाशांवर घराच्या आसपासच पडलेले असतात. दारं मात्र लाकडाचीच ठेवा, दगडी दार फार सावकाश उघडतं आणि रोजच्या शंभर फेऱ्यांत तो वेळ जाणवतो.

डोंगर जवळ असेल तर चाळ डोंगरात कोरता येते. तिथे 'स्मूद सरफेस'चा हुकूम दिला की फरशी आणि भिंती घोटून गुळगुळीत होतात. सामान काहीच लागत नाही, फक्त माणसाचे दिवस जातात, आणि शोभा फुकटात वाढते. पण डोंगराच्या जाड छताखाली किडे फुटण्याची भीती असते. खोल पोटात झोपायच्या खोल्या नेऊ नका. कडेची पहिली एक-दोन ओळ पुरे.

खोली केवढी करावी

सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर होतात. आकडेमोड केली की वाद राहत नाही, म्हणून ती पूर्ण दाखवतो.

जागेच्या हिशेबात उभं राहता येईल असं प्रत्येक घर १.४ धरलं जातं. ज्यावरून जाता येतं पण थांबता येत नाही, म्हणजे बेड, कपाट, दिवा, त्याचे फक्त ०.५. एकूण १२.५ च्या खाली गेलं की खोली कोंदट, २९ च्या खाली अडचणीची, त्यावर मध्यम.

इम्प्रेसिव्हनेस काढताना गेम चार भाग करतो. संपत्तीला १५०० ने भागायचं, सौंदर्याला ३ ने, जागेला १२५ ने. स्वच्छ खोलीला चौथ्या भागात सरळ १ मिळतो, घाण असेल तर तो कमी होतो. कुठलाही भाग १ च्या वर गेला की पुढची वाढ फार मंद होते. मग चारही भागांच्या सरासरीचे ६५ टक्के घ्यायचे, त्यात सगळ्यात कमी असलेल्या भागाचे ३५ टक्के मिळवायचे, आणि १०० ने गुणायचं.

आता एक खोली घेऊ. आतून ५ बाय ५, पंचवीस घरं. त्यात बेड (२ घरं), एंड टेबल म्हणजे उशाजवळचं छोटं टेबल (१), ड्रेसर म्हणजे कपड्यांचं कपाट (२), दिवा (१) आणि एक छोटं शिल्प (१). सात घरं सामानाची, अठरा मोकळी. जागा झाली २५.२ अधिक ३.५, म्हणजे २८.७. संपत्ती ६०० आणि सौंदर्य १.५ धरलं तर चार भाग असे येतात: ०.४०, ०.५०, ०.२३ आणि स्वच्छतेचा १. सरासरी ०.५३. तिचे ६५ टक्के आणि ०.२३ चे ३५ टक्के मिळून जवळजवळ ४३. म्हणजे डीसेंट, +२.

हेच सामान ६ बाय ६ मध्ये मांडा. जागा ४४ होते, तिचा भाग ०.३५. शोभा मोठ्या जागेत विभागली गेल्यामुळे सौंदर्य थोडं उतरतं, तरी एकूण आकडा ४७-४८ वर जातो. पाच गुण मिळाले, आणि त्यासाठी लागल्या फक्त चार जास्तीच्या भिंती नि अकरा घरांची फरशी.

उलट, ५ बाय ५ च्याच खोलीत घाण साठून स्वच्छता -१ वर गेली तर आकडा ४३ वरून ३६ वर येतो आणि +२ गेले. तीच खोली, तेच सामान, फक्त केर काढलेला नाही.

यातला '३५ टक्के सगळ्यात कमी भागाचे' हा तुकडा पाठ करून ठेवा. खोली सुधारायची म्हणजे आधी तिचं सगळ्यात लंगडं अंग शोधायचं. लहान खोलीत ते बहुतेक वेळा जागा असतं. अशा खोलीत तुम्ही सोन्याचा बेड आणून ठेवला तरी आकडा रडतखडतच चढतो, कारण लंगडा पाय तसाच राहिलेला असतो.

माझं मत सांगायचं तर पहिल्या वर्षी ५ बाय ५ आणि त्यानंतर ६ बाय ६. चार बाय चारच्या नादी लागू नका. बेड, टेबल, ड्रेसर मांडले की जागा १८ वर येते आणि ती खोली पुढे कितीही सजवली तरी खुरटीच राहते. आणि भिंती नंतर सरकवणं हे या गेममधलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. लाकूड कमी असेल तर खोली मोठीच बांधा, फरशी आणि सामान सावकाश येऊ द्या.

सामान

बेड चांगल्या हाताने बांधलेला हवा. बेडला दर्जा असतो, अगदी टाकाऊपासून लेजंडरीपर्यंत सात पायऱ्या, आणि आराम, विश्रांती, शोभा, किंमत हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून बेडचा आराखडा टाकला की कामाच्या टॅबमध्ये जाऊन थोड्या वेळापुरतं बांधकाम फक्त सर्वांत कुशल माणसाकडे ठेवा. बाकीच्यांची खूण काढा. बेड झाले की परत लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही.

एंड टेबल ३० लाकडात होतं. ते बेडच्या डोक्याकडच्या घराला चिकटूनच लागतं, पायथ्याशी ठेवलं तर उपयोग नाही. ड्रेसर ५० लाकडात, तो खोलीत जवळपास कुठेही चालतो. दोन्ही बेडच्या आरामात प्रत्येकी पाच टक्के भर घालतात. ठेवताना त्यांना बेडशी जोडणारी रेघ दिसते. ती दिसली नाही तर जागा चुकली.

जोडपं असेल तर डबल बेड, ८५ लाकूड. वेगळं झोपावं लागलं तर दोघंही नाराज होतात, म्हणून कोणाचं जुळतंय असं दिसलं की एक खोली मोठी करून ठेवा.

फरशी आणि शोभा

उघडी माती कधीही ठेवायची नाही. लाकडी फळ्यांना घरामागे ३ लाकूड, म्हणजे ५ बाय ५ ला ७५. शोभा त्यातून मिळत नाही, पण माती जाते आणि तेवढंही बरंच असतं. दगडी फरशीला घरामागे ४ चिरे, थोडी शोभा मिळते, बसवायला मात्र वेळ फार. गालिच्याची शोभा जास्त, पण घरामागे ७ कापड. पंचवीस घरांना १७५. कापसाचं एक मोठं शेत त्यातच जातं आणि हिवाळ्याचे कपडे शिवायचे राहतात. म्हणून गालिचा दुसऱ्या-तिसऱ्या कापणीनंतर. आणि तो जळतो, हे विसरू नका.

शिल्प हा सौंदर्य वाढवायचा सर्वांत जोरदार मार्ग. कलेत हात बसलेला एक जरी माणूस असेल तर हिवाळ्यात त्याला शिल्पाच्या टेबलाशी बसवा. पहिली पाच-सहा कामं साधी होतील, ती बेडरूमना वाटा. जेव्हा एखादं अप्रतिम निघेल तेव्हा ते कोणाच्याही खोलीत न ठेवता जेवणघरात ठेवा. बेडरूममधलं शिल्प एकाला सुख देतं, जेवणघरातलं सगळ्यांना, कारण जेवणघराच्या दर्जाचा मूड वेगळा मिळतो. भाचा याच्या उलट करत होता. जे चांगलं हाती येईल ते तो आपल्या लाडक्या निशाणेबाजाच्या खोलीत नेऊन ठेवायचा.

फुलांच्या कुंड्या स्वस्त आणि छान. पण थंडीत हीटर बंद पडला की झाडं मरतात, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

केरवारा

पावसाळ्यात शेतावरून आलेला माणूस ओटीवर पाय पुसल्याशिवाय आत येत नाही. कॉलनीत हे काम व्हरांडा करतो. माती ज्या पावलांना लागलेली असते ती पावलं फरशीवर पडत पडत येतात आणि धूळ वाटेतच झडते. व्हरांडा जितका फरशीचा, तितक्या खोल्या स्वच्छ. बाहेरच्या दारापासून शेतापर्यंतची पहिली दहा-बारा घरंही फरशीची करून टाका.

खोल्या 'होम एरिया'त, म्हणजे घर म्हणून आखलेल्या हद्दीत, आहेत का ते तपासा. त्याबाहेरचा केर कोणी काढत नाही, आणि नवीन बांधलेली ओळ चुकून बाहेर राहून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. दहाच्या वर माणसं झाली की एकाला जवळपास पूर्ण वेळ सफाईवर ठेवा. कुत्री-मांजरी खोलीत घाण करतात. त्यांना झोपायची जागा वेगळी द्या आणि चाळीपुरती त्यांना मनाई करा.

ऊन, थंडी, उजेड

अंगावर फारसं काही नसलेल्या माणसाला १६ ते २६ अंश सोसतं. खोली २१ वर ठेवली की कोणाची तक्रार येत नाही.

प्रत्येक खोलीत हीटर बसवायचा मोह आवरा. एक हीटर पूर्ण चालताना १७५ वॉट खातो. आठ खोल्यांचे १४०० झाले, आणि लाकडावरचा एक जनरेटर देतो १०००. त्याऐवजी हीटर व्हरांड्यात लावा आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक व्हेंट, म्हणजे हवेची जाळी, बसवा. व्हेंट दोन्ही बाजूंचं तापमान सारखं करत राहतो. दोन-तीन हीटरांत अख्खी चाळ ऊबदार राहते. उन्हाळ्यात तीच रचना कूलरला चालते. कूलरची निळी बाजू व्हरांड्याकडे आणि लाल बाजू उघड्यावर येईल असं पाहा, उलटा बसला तर चाळीची भट्टी होते.

सांगलीत उन्हाळ्यात भरदुपारी लाईट गेली की माठ आणि ओला पंचा हाच आधार. रिमवर्ल्डमध्ये सोलर फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचं वादळ, आला की सगळी वीज एकदम बंद पडते, बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी. उष्ण प्रदेशात खेळत असाल तर व्हरांड्यात एक-दोन पॅसिव्ह कूलरची जागा आधीच राखून ठेवा. त्यांना वीज लागत नाही, ५० लाकडात बनतात. थंड प्रदेशात हेच काम शेकोटी करते.

दिव्याचं एवढंच. झोपलेल्या माणसाला अंधाराचा त्रास होत नाही, जागा असताना होतो. लाकूड किंवा वीज कमी असेल तर खोल्यांमधले दिवे सगळ्यात शेवटी लावा. वर दाखवल्याप्रमाणे दिवाही जागा खातो. पाच बाय पाचच्या त्या खोलीत दिवा नसता तर जागा २९.६ झाली असती, म्हणजे अडचणीची खोली मध्यम झाली असती.

कोणाला कोणती खोली

सगळ्या खोल्या सारख्या बांधल्या तरी वाटप डोळसपणे करावं लागतं. प्रत्येकाच्या स्वभावाची यादी उघडा आणि तीन शब्द शोधा.

ग्रीडी म्हणजे हावरा माणूस. त्याला भारी खोली हवीच, साधी दिली की तो खट्टू. जेलस म्हणजे मत्सरी. दुसऱ्या कोणाची खोली आपल्यापेक्षा सरस आहे एवढं त्याला पुरतं. या दोघांना ओळीतल्या सर्वांत चांगल्या खोल्या द्या. दोन जेलस माणसं एकाच कॉलनीत असतील तर त्यांच्या खोल्या अगदी सारख्या ठेवा, शिल्पसुद्धा तोलामोलाचं. असेटिक म्हणजे विरक्त. त्याला साधी खोलीच बरी वाटते, गालिचा अंथरला की उलट नाराज होतो. अशा माणसाला पहिल्या रात्रीच्या शेडचा एखादा कोपरा भिंत घालून द्या, दोघांचंही भलं.

रात्री जागणारे नाइट आऊल चाळीच्या शांत टोकाला हवेत, कारण ते झोपतात तेव्हा बाकीच्यांची वर्दळ असते. डॉक्टरची खोली दवाखान्याजवळ, आचाऱ्याची स्वयंपाकघराजवळ. रोज वाचलेली पावलं गेममधल्या वर्षाच्या साठ दिवसांत खूप होतात. बेडवर क्लिक करून मालक ठरवून टाका, नाहीतर माणसं मिळेल तो बेड धरतात आणि तुमचा सगळा विचार वाया जातो.

किती सजवायचं

इथे हात आखडता घ्यायला शिकावं लागतं. कॉलनीची संपत्ती वाढली की चालून येणाऱ्या टोळ्या मोठ्या होतात. बांधकामाची किंमत त्या हिशेबात निम्मीच धरली जाते हे खरं, पण सोन्या-चांदीच्या फरशा नि जेडचे बेड त्या निम्म्यातही जड पडतात. शिवाय संपत्तीबरोबर अपेक्षा चढतात आणि वर सांगितलेला टेकू उतरतो. एका खोलीत हजारोंचं सोनं ओतून दोन गुण मिळवले, आणि त्यापायी सगळ्या कॉलनीचे सहा गेले, असं सहज होतं.

माझा बेत साधारण असा असतो. पहिल्या हिवाळ्याच्या आत प्रत्येकाला वेगळी खोली, लाकडी फळ्या, बेड. दुसऱ्या वर्षी एंड टेबल, ड्रेसर, व्हेंट आणि एकेक छोटं शिल्प, म्हणजे बहुतेक खोल्या ४० ते ६५ मध्ये येतात. तिथे थांबायचं आणि पुढचं सामान जेवणघर, खेळाची खोली आणि तटबंदीकडे वळवायचं. ८५ च्या पुढे फक्त ग्रीडी आणि जेलस माणसांसाठी जायचं.

ओळीच्या टोकाला एक खोली नेहमी मोकळी ठेवा, बेडसकट तयार. वाट चुकलेला पाहुणा कॉलनीत सामील होतो, कैदी आपल्या बाजूला येतो, जोडप्याचं फाटतं आणि एकाला त्या रात्रीपासून वेगळी जागा लागते. अशा वेळी तीन दिवस बांधकाम पाहत बसायला नको.

भाच्याने दोन संध्याकाळी बसून चाळ उभी केली. दहा खोल्या, ५ बाय ५ च्या, कारण डोंगराची कड मधे आली. आचाऱ्याला स्वयंपाकघराजवळची पहिली दिली. नऊ जण आणि दहावी खोली रिकामी. परवा मिरजेहून फोन आला. "मामा, दहावी पण भरली. आता दुसरी ओळ कुठल्या बाजूला काढू?" मी त्याला नकाशाचा फोटो पाठवायला सांगितलाय.